वैनगंगेचे पुसट जंगल

मोगलीची नदी खरी आहे. ती सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटमधून खाली उतरते, वाघनदीला पोटात घेते आणि गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्याच्या कडेने भंडाऱ्याकडे निघून जाते. रुडयार्ड किपलिंगने 1894 आणि 1895 साली प्रसिद्ध केलेल्या दोन ‘जंगल बुकां’त जी नदी वाहते ती हीच वैनगंगा. किपलिंग मुंबईत जन्मला, पण सिवनीचे रान त्याने डोळ्यांनी पाहिले नव्हते. या गोष्टी त्याने अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये बसून लिहिल्या आणि जंगलाची माहिती बरीचशी घेतली ती रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुस्तकांतून. तरीही त्याच्या रानाचा भूगोल चुकलेला नाही. दुसऱ्या पुस्तकातल्या एका कथेत दख्खनेकडून रानकुत्र्यांचा मोठा कळप सिवनीवर चालून येतो आणि वैनगंगेच्या कड्यांवरच्या मधमाश्या त्यांचा घात करतात. ही वाट नकाशावर काढून पाहिली तर ती आपल्या झाडीपट्टीतूनच जाते; आणि रानकुत्री पाहायची तर जाणकार आजही नागझिऱ्याचेच नाव घेतात. मोगलीचे जंगल कुणाच्या अंगणातले, हे गोंदियाकराला सांगावे लागू नये.

या जंगलावर पडद्यासाठी बेतलेली पहिली मोठी रंगीत साहसकथा म्हणजे 1942 सालचा ‘जंगल बुक’. निर्माता अलेक्झांडर कोर्डा, दिग्दर्शक त्याचा भाऊ झोल्टान, कलादिग्दर्शक तिसरा भाऊ व्हिन्सेंट, संगीतकार मिक्लोश रोझा. मोगली झाला होता म्हैसूर संस्थानातल्या एका माहुताचा मुलगा साबू, जो 1937 च्या ‘एलिफंट बॉय’पासून जगाला ठाऊक झाला होता. युद्ध पेटलेले असल्याने सगळे जंगल कॅलिफोर्नियात उभारले गेले. चित्रपटाला छायाचित्रण, कलादिग्दर्शन, विशेष परिणाम आणि संगीत अशी चार ऑस्कर नामांकने मिळाली. यातली पहिली दोन ध्यानात ठेवावीत, कारण हा चित्रपट डोळ्यांसाठी केलेला होता. आणि नेमका हाच चित्रपट पुढची कित्येक दशके घराघरांत पोहोचला तो धुरकट, विटक्या, पानांचा लगदा झालेल्या प्रतींतून. मला मांडायचा मुद्दा या एका उदाहरणातून स्पष्ट होतो: जंगलाच्या चित्रपटात चित्राचा स्वच्छपणा ही वरची झिलई नसते, तो चित्रपटाचा मजकूरच असतो. शहरातल्या कौटुंबिक नाट्याची खराब प्रत पाहिली तर संवाद आणि चेहरे हाती लागतात. जंगलाची खराब प्रत पाहिली तर जंगलच हाती लागत नाही.

याचे कारण जंगलाच्या स्वभावात आहे. झाडीपट्टीतल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. तेंदूपत्ता तोडणारी बाई कोवळे, निबर आणि किडके पान एका नजरेत वेगळे करते. ऐनाची साल आणि धावड्याची साल यांत गल्लत करत नाही. मोहाखाली रात्री अस्वल येऊन गेले का, हे तिला पाचोळ्यावरून कळते. जंगल वाचायचे म्हणजे बारकावे वाचायचे. वाघाचे पट्टे तरी कशासाठी असतात? वाळलेल्या गवतात आणि बांबूच्या सावलीत मोडून जाण्यासाठी. पडद्यावर वाघ ‘अचानक’ दिसण्याचा थरार यायचा असेल तर आधी गवताची काडी न काडी दिसली पाहिजे, म्हणजे तिच्यात लपलेला पट्टा डोळ्याला चकवेल. गवतच पिवळा डाग झाले तर वाघ लपत नाही आणि प्रकटही होत नाही. एका डागातून दुसरा डाग बाहेर येतो, एवढेच. बघीराचेही तसेच. काळा बिबट्या निखळ काळा नसतो, तिरप्या उजेडात त्याच्या कातडीवरचे ठिपके उमटतात. ताडोबातल्या काळ्या बिबट्याची चांगली छायाचित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे ठाऊक आहे. खराब प्रतीत बघीरा म्हणजे दोन डोळ्यांचे काळे भोक होते.

या चित्रपटाची मूळ प्रत कशी बनली हे समजून घेतले की नुकसान किती झाले याचा अंदाज येतो. चित्रीकरण टेक्निकलर पद्धतीने झाले. त्या अवजड कॅमेऱ्यात भिंगामागे लोलक असे. तो प्रकाश फोडून एकाच दृश्याची तीन वेगवेगळी निगेटिव्ह टिपवी, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या नोंदीची. ही तिन्ही निगेटिव्ह प्रत्यक्षात कृष्णधवल असत. प्रिंट काढताना त्यांवरून बनवलेल्या साच्यांनी तीन रंग एकावर एक छापले जात, साधारण आपल्या मासिकांची रंगीत मुखपृष्ठे छापतात तसे. यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, नंतरच्या स्वस्त रंगीत फिल्मचे रंग जसे काही वर्षांत उडून गुलाबट होतात तसे या छापील रंगांचे सहसा होत नाही, आणि कृष्णधवल निगेटिव्हचा रंग उडण्याचा तर प्रश्नच नाही. दुसरी, तिन्ही पट्ट्या काळाच्या ओघात सारख्याच आकसत नाहीत. एक पट्टी केसभर जास्त आकसली की रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि प्रत्येक कडेला लाल-हिरवी किनार दिसू लागते. चेहऱ्याला एक कड असते. पिंपळाच्या एका फांदीला शेकडो कडा असतात. म्हणून हा दोष जंगलात जितका छळतो तितका दिवाणखान्यात छळत नाही.

घरी येणाऱ्या प्रती या मूळ सामग्रीपासून फार दूरच्या होत्या. चित्रपटगृहाच्या 35 मिलिमीटर प्रिंटवरून 16 मिलिमीटरची लहान प्रत, तिच्यावरून टेपवर उतरवलेली नक्कल, त्या टेपवरून कॅसेट, पुढे त्याच टेपवरून सीडी. प्रत्येक पायरीला उजेडातला तपशील जळतो आणि सावलीतला बुडतो. व्हीएचएस कॅसेटवर आडव्या दिशेने जेमतेम अडीचशे रेषांचा बारकावा मावे. आपल्याकडे गावोगावी पोहोचली ती व्हिडिओ सीडी. तिचे चित्र 352 गुणिले 288, म्हणजे सुमारे एक लाख ठिपक्यांचे. डीव्हीडीत हेच चार लाखांवर जाते, ब्लू-रेत वीस लाखांच्या पुढे आणि 4के चकतीत ब्याऐंशी लाखांवर. पण ठिपक्यांच्या संख्येपेक्षा मोठी अडचण दाबून बसवण्याची आहे. व्हिडिओ सीडीत चित्राला सेकंदाला साडेअकरा लाख बिट मिळतात. आपल्याकडच्या 25 फ्रेमांत वाटले तर एका फ्रेमला जेमतेम पावणेसहा हजार बाइट येतात. एवढ्यात बसण्यासाठी चित्राचे 16 गुणिले 16 ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात. सबंध पडद्याचे असे चौकोन होतात 396. जिथे रंग सपाट आहे आणि हालचाल नाही तिथे एक चौकोन थोडक्या माहितीत भागतो. जिथे प्रत्येक पान वेगळे, वाऱ्यावर हलणारे, उन्हात चमकून सावलीत जाणारे, तिथे माहिती पुरत नाही, आणि मग चौकोन उघडे पडतात. दाट पालवी, पाऊस, वाहते पाणी, धूर या चार गोष्टी या पद्धतीला सर्वात जड जातात. जंगलपटात दुसरे असते काय!

इथे एक आक्षेप लगेच येईल, आणि तो बिनतोड वाटतो. 1993 साली दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ची जपानी कार्टून मालिका आली, तिने तर गावागावातल्या लहान कृष्णधवल टीव्हीवर, ॲन्टेना फिरवत, मुंग्यांच्या पडद्यातूनही मुलांना वेड लावले. मग चित्राच्या दर्जाचे एवढे कौतुक कशाला? उत्तर त्या मालिकेच्या बनावटीतच आहे. ते चितारलेले जंगल होते. ठळक बाह्यरेषा, आत सपाट रंग, मागे स्थिर देखावा. असे चित्र खराब सिग्नलमध्येही तगते, कारण त्यात सांगायचे ते चार रेषांत सांगितलेले असते. शिवाय नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान चित्रापेक्षा कानाने जास्त कळत होता. म्हणजे ती मालिका पुसट पडद्यावर जिंकली यावरून जिवंत चित्रीकरणही जिंकेल असे निघत नाही. उलट फरकच अधोरेखित होतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. हे जंगल मुळातच खोटे; कॅलिफोर्नियात उभारलेले, ‘का’ नावाचा रबरी अजगर घातलेले, साहेबी कल्पनेतल्या हिंदुस्थानाचे. त्याची प्रत स्वच्छ झाली काय आणि मळकट राहिली काय, वैनगंगेच्या लोकांना त्याचे काय? मला वाटते, स्वच्छ प्रतीची गरज इथेच सर्वात जास्त आहे. धुरकट प्रत जंगलाचा खोटेपणाही झाकते. पाने लगदा झाली की कॅलिफोर्नियाची झाडे आणि नवेगावची झाडे सारखीच दिसतात, आणि पाहणाऱ्या मुलाला वाटते की आपले रान परदेशी पडद्यावर असेच असते. पान स्पष्ट दिसले तरच गोंदियाचा मुलगा विचारील की यात मोह कुठे आहे, बांबूचे रांजे कुठे आहेत, सागाचे ते परातीएवढे पान कुठे आहे. टीका करायलाही आधी दिसावे लागते. आणि दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे: व्हिन्सेंट कोर्डाने वेलींनी गिळलेले जे भग्न नगर उभे केले, त्यातल्या खजिन्याचा आणि हिरव्या अंधाराचा जो रंगमेळ साधला, ती खरी कारागिरी होती. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर रंगवलेल्या पडद्यापुढे रात्र रात्र नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकाला खोट्या देखाव्याचे वावडे कधीच नव्हते. पण पडदा फाटका आणि दिवा विझलेला असेल तर तो खपवून घेणार नाही, आणि का घ्यावा?

चित्रपट इतका हालात का गेला, याचे कारण कायद्यात आणि बाजारात आहे. अमेरिकेत त्या काळच्या कामांचा हक्क 28 वर्षांनी नव्याने नोंदवावा लागे. तो न टिकल्याने चित्रपट तिथे सार्वजनिक मालकीचा झाला. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क 60 वर्षांचा, म्हणजे त्या हिशेबाने 2002 अखेर तो आपल्याकडेही मोकळा झाला. मोकळा झाल्याचा अर्थ असा की ज्याच्या हाती जी प्रत येईल ती त्याने विकावी. स्वस्त कॅसेट आणि चकत्या काढणाऱ्यांनी तेच केले. शेजारी ठेवून पाहावा असा चित्रपट म्हणजे 1940 चा ‘द थीफ ऑफ बगदाद’. निर्माता तोच, प्रमुख भूमिकेत साबूच, संगीतकार तोच, पद्धत तीच टेक्निकलर. पण त्याच्यावर मालकी शाबूत राहिली, आणि 2008 साली अमेरिकेच्या क्रायटेरियन कंपनीने त्याची नीट निगराणीने डीव्हीडी काढली. ‘जंगल बुक’ला त्याच कंपनीकडून 2011 साली साबूच्या तीन चित्रपटांच्या संचात जागा मिळाली, तीही तिच्या साध्या, परवडणाऱ्या मालिकेत. ती प्रत बाजारातल्या लगद्यापेक्षा कितीतरी बरी. पण दोन सख्ख्या भावंडांतला एक राखणीत वाढला आणि दुसरा वाऱ्यावर, हे कळायला वेळ लागत नाही.

यावर कुणी म्हणेल की फुकट आणि वाईट प्रत ही काहीच नसण्यापेक्षा बरी. पंधरा-वीस रुपयांच्या सीडीने सिनेमा सालेकसा-देवरीपर्यंत नेला, हजारांची चकती तिथे कधी पोहोचणार होती? हे मान्यच केले पाहिजे. सार्वजनिक मालकीचे मी समर्थनच करतो; गावच्या तलावासारखी ती सगळ्यांची असते. पण मालगुजारी तलावांचा हा जिल्हा जाणतो की सगळ्यांच्या तलावाचा गाळ कुणीतरी काढावा लागतो. नाहीतर पाणी सर्वांचे असते आणि प्यायला कुणालाच उरत नाही. चित्रपटाच्या बाबतीत गाळ आणखी एका तऱ्हेने साचतो: फुकट मळकी प्रत सगळीकडे मिळते म्हणून नव्याने मूळ निगेटिव्ह शोधून स्वच्छ करण्यावर पैसा घालायला कुणी धजत नाही. वाईट प्रत ही चांगल्या प्रतीकडे जाणारी पायरी न ठरता तिच्या वाटेतला धोंडा ठरते. आणि वेळ अमर्याद नाही. 1942 ची फिल्म नायट्रेटची, जात्याच ज्वालाग्राही आणि कुजणारी. 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातसकट जुन्या भारतीय चित्रपटांची अमोल रिळे गेली. आपल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना 1964 ची; त्याआधीच्या मूकपटांपैकी बहुतेक तर संग्रहापर्यंत पोहोचलेच नाहीत. तेव्हा जतन ही श्रीमंत देशांची हौस आहे असे मराठी माणसाने तरी म्हणू नये.

स्वच्छ करणे म्हणजे घासूनपुसून गुळगुळीत करणे असाही एक गैरसमज आहे, आणि त्याचा सर्वात बोलका दाखला दुसऱ्याच एका जंगलपटाचा आहे. 1987 चा ‘प्रिडेटर’, मेक्सिकोच्या रानात चित्रित झालेला. सैनिकांची तुकडी आणि झाडीत मिसळून जाणारा अदृश्य शिकारी. त्याची पहिली ब्लू-रे 2008 साली आली, तिच्यात दाणा भरड आणि दाबणी जुन्या पद्धतीची होती. 2010 साली दुसरी आवृत्ती आली. तिच्यात संगणकाने फिल्मचा दाणा इतका पुसला की श्वार्झनेगर मेणाच्या पुतळ्यासारखा दिसू लागला आणि पालवी प्लास्टिकची. ज्या चित्रपटात पानांच्या पसाऱ्यात एक हलकी थरथर शोधणे हाच सगळा खेळ, त्यातली पानेच घोटून टाकली. चाहत्यांनी एवढा गहजब केला की ती आवृत्ती आजही बिघडवल्याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. 2018 च्या 4के आवृत्तीत दाणा परत आला. दाणा म्हणजे घाण नव्हे. फिल्मवरचे चांदीचे कण आणि रंगकण यांनीच चित्र बनते. ते पुसायचे म्हणजे तांदळातले खडे वेचताना तांदूळच फेकून द्यायचे.

आता तर पुसण्यापलीकडचे संकट आले आहे. जुनी मळकी प्रत घेऊन संगणकाकडून ती 4के करून घ्यायची, अशा नकला जालावर सर्रास मिळतात. त्या झगझगीत दिसतात, आणि म्हणून अधिक फसव्या आहेत. मूळ नकलेत जे पान नाही ते संगणक कुठून आणणार? तो अंदाजाने भरतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वाघ मोजताना काय करतात ते आठवावे. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात आणि प्रत्येक वाघाचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे फक्त त्याचेच असतात. छायाचित्र अस्पष्ट आले तर त्या वाघाची ओळख पटवता येत नाही. अंदाजाने पट्टे काढून कुणी वाघ वाढवत नाही. शेरखानाच्या अंगावर संगणकाने काढलेले पट्टे हे अशा अंदाजाचे पट्टे आहेत. चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्यापुढून जो खरा वाघ चालत गेला, तो त्यांच्यात नाही.

चांगली प्रत कशी ओळखावी हा प्रश्न यंत्रांच्या आकड्यांपाशी संपत नाही, आणि शाळेत किंवा वाचनालयात मुलांना हा चित्रपट दाखवू इच्छिणाऱ्याने तर आकड्यांवर मुळीच विसंबू नये. चकतीच्या वेष्टनावर ‘डिजिटली रीमास्टर्ड’ छापायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यापेक्षा पहिली दहा मिनिटे डोळ्यांनी तपासावी. आभाळाच्या पार्श्वभूमीवरच्या फांद्यांना रंगीत किनार दिसते का? साबूच्या कातडीचा रंग माणसाचा आहे की विटेचा? बघीरा फांदीवर पसरतो तेव्हा त्याच्या अंगाचा आकार अंधारातून सुटा होतो का? संगीताची पट्टी वर चढल्यासारखी वाटते का? 24 फ्रेमांचा चित्रपट आपल्या 25 फ्रेमांच्या टीव्हीसाठी पळवला की सूर चार टक्के चढतो, आणि रोझाच्या संगीतात ते कानाला लागते.

आणि चित्रपटाच्या शेवटचा वणवा काळजीने पाहावा. झाडीपट्टीत मोहफुलाच्या दिवसांत वणवा लागतो, तेव्हा धूर आधी पाचोळ्यालगत निळसर सरपटतो, मग झुडपांत शिरून करडा होतो, आणि मोठे झाड पेटले की वर पिवळट उठतो. फायरलाइन झाडणारे मजूर या रंगांवरून आग कुठवर चढली ते ओळखतात. व्हिडिओ सीडीत हा सगळा धूर पायऱ्यांसारख्या तीन-चार पट्ट्यांत उतरतो आणि त्यांच्या मागे जनावरे पळतात ती केवळ चौकोनांची खळबळ असते. बऱ्या प्रतीत धुराचे पदर सुटे दिसतात, मागची झाडे त्यांतून क्षणभर दिसून नाहीशी होतात, आणि ठिणग्या उडताना एकेक मोजता येते.